डोंगर-उतारावरच्या बागेत ट्रॅक्टरनं गवत कापताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती गेले की कोकणातल्या कलमांच्या बागांत गवत कमरेला लागतं. बेणणीला गडी मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. मग कुणीतरी ट्रॅक्टरच्या मागे लावायचं स्लॅशर, म्हणजे फिरत्या पात्यांनी गवत कापणारं यंत्र, आणतं आणि आठ दिवसांचं काम दीड दिवसात होतं. सपाट मळ्यात हे ठीक आहे. जांभ्याच्या उतारावर, गवतात काय दडलंय ते दिसत नसताना, हेच यंत्र माणूस मारू शकतं. बागवाले, ड्रायव्हर आणि मुंबईहून गावी परतलेली नवी मंडळी जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. बहुतेक उत्तरं देशावरच्या आणि घाटमाथ्याच्या उतारांनाही लागू पडतील.

माझ्या बागेच्या उतारावर ट्रॅक्टर चालेल की नाही, हे कसं ओळखायचं?

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. खालून बघितलं की उतार भिंतीसारखा वाटतो, वरून बघितलं की काहीच वाटत नाही. मोजा. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या, वरचं टोक जमिनीला टेकवा, गवंड्याची लेव्हल ठेवून पट्टी आडवी करा आणि खालचं टोक जमिनीपासून किती उंच आहे ते टेपनं बघा. १८ सेंटिमीटर आलं तर उतार साधारण १० अंश, २७ आलं तर १५ अंश, ३६ आलं तर २० अंश. मोबाइलमध्येही अंश दाखवणारं ॲप असतं, पण ते पट्टीवर ठेवून बघा. नुसत्या जमिनीवर ठेवलं तर एका ढेकळाचा उतार मोजला जातो. एका बागेत निदान दहा-बारा ठिकाणी माप घ्या, कारण कोकणातला उतार कुठेच एकसारखा नसतो.

मी स्वतः कोरड्या जमिनीवर १५ अंश ही शेवटची रेघ मानतो. आडवं चालवायचं असेल तर १० अंशांतच थांबतो. यंत्राच्या पुस्तिकेत याहून कमी आकडा दिला असेल तर तो पाळा. जास्त दिला असेल तर तो सपाट पृष्ठभागाच्या उताराचा आहे हे लक्षात घ्या. आपल्या बागा सपाट पृष्ठभागाच्या नसतात, आणि सगळी गोम तिथेच आहे.

हिशोब करून बघा. छोट्या ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांत साधारण एक मीटर अंतर धरा. उतार १० अंशांचा. ट्रॅक्टर आडवा चाललाय. खालचं चाक एखाद्या जुन्या आळ्यात १५ सेंटिमीटर गेलं आणि त्याच क्षणी वरचं चाक १५ सेंटिमीटरच्या दगडावर चढलं. एका मीटरमध्ये ३० सेंटिमीटरचा फरक पडला, म्हणजे आणखी जवळजवळ १७ अंश. तुम्ही १० अंशांवर चालवताय असं समजत होता, ट्रॅक्टर मात्र २७ अंशांवर कललाय. ट्रॅक्टरचा तोल ज्या बिंदूत एकवटतो तो जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर धरला तर उभा असताना तो साधारण ३५ अंशांना कलंडतो. चालता असताना, हिसका बसल्यावर, त्याच्या बऱ्याच आधी. शिवाय ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधल्या पिनेवर डुलत असतो, त्यामुळे कलायला लागल्यावर पुढची चाकं सुरुवातीला काहीच आधार देत नाहीत.

म्हणून उतार किती यापेक्षा गवताखाली काय आहे, हा प्रश्न मोठा.

मग गवताखाली काय आहे ते कसं कळणार?

पायी फिरून. दुसरा उपाय नाही. हातात काठी, पायात गमबूट, खिशात लाल चिंध्या. ज्या ओळीत ट्रॅक्टर जाणार ती प्रत्येक ओळ चालायची आणि काठीनं गवत बाजूला करत जायचं. सर्वांत चांगली वेळ म्हणजे मे महिना, जमीन उघडी असते तेव्हा. त्या वेळी खड्डे आणि खुंट हेरून बांबू रोवून ठेवले तर ऑक्टोबरात फक्त खात्री करावी लागते.

काय शोधायचं? मेलेल्या कलमाच्या जागी राहिलेला खड्डा. कलम लावताना मारलेला आणि नंतर विसरलेला सुरुंगाचा खळगा. तोडलेल्या ऐनाचा किंवा किंजळाचा गुडघ्याएवढा खुंट. पावसाळ्यात गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, ढासळून बागेत घरंगळलेले जांभ्याचे चिरे, कारण गेल्या वर्षी जागा स्वच्छ होती म्हणून यंदाही असेल असं नसतं. वारूळ, जे वरून मातीचा ढीग दिसतं आणि आत कधीकधी पोकळ असतं. साळिंदरानं उकरलेली बिळं. मोडलेल्या कुंपणाची काटेरी तार. ठिबकची नळी. हद्दीचा दगड. पावसाच्या पाण्यानं पाडलेली घळ.

आणि कड. खाली चिरेखाण असेल किंवा जुनी बाव (विहीर) असेल तर तिच्या काठाची माती पावसात आतून पोखरलेली असू शकते. खाण जेवढी खोल, निदान तेवढं अंतर काठापासून सोडायचं. दोन मीटर खोल चर असेल तर दोन मीटरच्या आत चाक नेऊ नका. पाणी मुरलेलं असेल तर याहून लांब राहा.

आमच्याकडे एका वर्षी बांबूला बांधलेली चिंधी गुरानं खाल्ली. तेव्हापासून मी चिंधी उंच बांधतो आणि खुंटाला चुनाही लावतो.

आडवं चालवायचं की उभं?

मागे जोडलेलं यंत्र असेल तर शक्यतो उभं, म्हणजे उताराच्या रेषेत. आडवं चालवताना ट्रॅक्टर बाजूला कलंडण्याचा धोका असतो. उभ्यानं तो बराच कमी होतो. मात्र वर जाताना वेगळी गोष्ट सुरू होते.

मागच्या चाकांना इंजिन जोर देतं. चाकं फिरू शकली नाहीत किंवा चढ फारच उभा असला तर तो जोर ट्रॅक्टरचं नाक उचलण्यात जातो. मागे स्लॅशर उचलून धरलेलं असेल तर पुढची चाकं आधीच हलकी झालेली असतात. झटक्यात क्लच सोडला की नाक वर. पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा जागी पोचतो जिथून तो परत येत नाही आणि दीड सेकंदात ड्रायव्हरवर उलटा पडलेला असतो. पाऊण सेकंदात पाय क्लचवर जात नाही. ज्यांना वाटतं की आपला जाईल, त्यांनी कुणाकडून तरी अचानक टाळी वाजवून घ्यावी आणि आपला पाय बघावा.

म्हणून उभ्या चढावर रिव्हर्सनं चढायचं आणि पुढच्या गिअरमध्ये उतरत कापायचं. रिव्हर्समध्ये जड मागची बाजू वरच्या अंगाला राहते आणि नाक उचलायला जागाच उरत नाही. मान दुखते, वेळ जातो, हे खरं. काही स्लॅशर रिव्हर्समध्ये जमिनीला टेकवून चालवायची नसतात, शेपटाचं चाक अडकतं. तेव्हा पीटीओ, म्हणजे मागच्या यंत्राला फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा, बंद करून, जमिनीपासून वीतभर उचलून मागे चढा, वर पोचल्यावर टेकवा, मग पीटीओ लावा.

काही ठिकाणी झाडांच्या ओळीच अशा असतात की आडवं जावंच लागतं. तसं असेल तर यंत्र जमिनीला टेकलेलं ठेवा. एका बाजूला सरकवता येणारं मोवर असेल तर त्याचा बाहेर आलेला भाग नेहमी वरच्या अंगाला ठेवा. वळण वरच्या दिशेला घेऊ नका. वेग निम्मा करा. वळणावर ट्रॅक्टरला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो.

बागेसाठी घेतलेला मिनी ट्रॅक्टर अरुंद आहे. तो हलका असल्यामुळे उलट जास्त सुरक्षित नाही का?

नाही. अरुंद म्हणूनच जास्त कलंडतो. दोन ओळींत शिरण्यासाठी केलेली सोय उतारावर अंगाशी येते.

जवळजवळ सगळ्या ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांमधलं अंतर बदलता येतं. रिम उलटी बसवली किंवा डिशची बाजू बदलली की चाकं बाहेर सरकतात. दहा बाय दहा मीटरवर लावलेल्या हापूसच्या बागेत रुंद केलेला ट्रॅक्टर आरामात फिरतो. तो अरुंद ठेवण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की तो शोरूममधून तसाच आला. गॅरेजवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. मागच्या टायरमध्ये पाणी भरून घ्या. पाऊण टायर भरतात. पाण्याचं वजन खाली राहतं, तोल खाली येतो. पुढच्या बाजूला वजनाच्या पाट्या लावा. स्लॅशर उचललेलं असतानाही एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहायला हवा. स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की समजा तेवढा राहिलेला नाही.

स्लॅशर घ्यावं, की फ्लेल मोवर?

दगडाळ जागेत दोन्हींची पाती खुळखुळी असायला हवीत, म्हणजे पिनेवर मागे दुमडणारी. दगड लागला की पातं मागे सरतं. घट्ट बसवलेलं पातं तुटतं किंवा गिअरबॉक्स फोडतं.

स्लॅशर स्वस्त, दणकट, करवंदीची आणि घाणेरीची बोटभर जाड खोडंही उडवतं. पण दगड लांब फेकतं. फ्लेलमध्ये आडव्या रोलरवर बरीच छोटी पाती लटकतात, ती दगड बहुतेक खाली आणि मागेच मारतात, त्यामुळे रस्त्याकाठी किंवा घराजवळ फ्लेल बरं. शिवाय ते ट्रॅक्टरला चिकटून बसतं, म्हणून तोल कमी बिघडतो. पाती बदलण्याचा खर्च आणि वेळ मात्र जास्त. माझं मत विचाराल तर पाच फुटांपेक्षा रुंद काहीच घेऊ नका. रुंद यंत्र खळग्यावर पुलासारखं बसतं आणि पुढच्या उंचवट्याला भिडतं.

कापणीची उंची दहा-पंधरा सेंटिमीटर ठेवा. हिरवळीसारखं तासून काढलं तर पाती दगडांना लागतात आणि पुढच्या पावसात उघडी माती वाहून जाते ती वेगळीच. टॉप लिंक, म्हणजे यंत्राचा वरचा भाग ट्रॅक्टरला जोडणारी दांडी, ताठ ठेवू नका. त्यात थोडी ढिलाई राहील अशी जोडणी करा म्हणजे यंत्र उंचसखल जमिनीबरोबर हलतं.

दगड खरंच किती लांब उडतो?

पाच फुटी स्लॅशरचं पातं मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर त्याचं टोक तासाला साधारण २८५ किलोमीटरच्या वेगानं फिरतं. त्यानं टोलावलेला चिऱ्याचा तुकडा ९० मीटरपर्यंत जाऊ शकतो. त्या परिघात माणूस, गुरं, पाखाडीवरून शाळेत जाणारी मुलं, उभी गाडी काहीही नको. उतारावर हे अंतर खालच्या बाजूला आणखी वाढतं, कारण दगड पडल्यावर घरंगळतो.

यंत्राच्या पुढे-मागे साखळ्यांची किंवा जाड रबराची झालर असते. गवत अडकतं म्हणून ड्रायव्हर ती काढून टाकतात. जुन्या यंत्रावर ती दिसली नाही तर पहिल्यांदा ती बसवून घ्या, रंगरंगोटी नंतर.

पीटीओपासून स्लॅशरपर्यंत जाणाऱ्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलंय. त्याशिवाय चालवलं तर?

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतं, सेकंदाला ९. शाफ्टचा घेर वीस-बावीस सेंटिमीटर धरला तर तो एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळतो. टॉवेल, लुंगीचा सोगा, साडीचा पदर, ओढणी, रेनकोटचा बंद, काहीही. कव्हर काही हजारांत मिळतं. तोवर यंत्र उभं राहू द्या.

आणखी एक बाब, जी फक्त उंचसखल जमिनीवर त्रास देते. शाफ्ट दोन नळ्यांचा असतो, एकात एक सरकणारा. घळीतून वर येताना तो आखडतो आणि उंचवट्यावर ताणला जातो. लांब पडला तर आखडताना गिअरबॉक्सला धक्का मारतो. आखूड पडला तर उंचवट्यावर दोन्ही भाग सुटतात आणि फिरता अर्धा शाफ्ट मोकाट सुटतो. दोन नळ्या नेहमी निदान एक-तृतीयांश एकमेकींत राहायला हव्यात. यंत्र पूर्ण खाली, पूर्ण वर आणि मधे, अशा तिन्ही स्थितींत इंजिन बंद करून बघून घ्या. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला आपलं स्लॅशर जोडताना तर नक्की, कारण अंतर प्रत्येक ट्रॅक्टरला वेगळं असतं.

गवत गुंडाळून पातं अडकलं. पीटीओ बंद केलाय, हात घालू?

नाही. पीटीओ बंद केल्यावरही जड पातं अर्धा मिनिट किंवा जास्त फिरत राहतं. आवाज इंजिनाच्या आवाजात बुडतो. क्रम असा : पीटीओ बंद, यंत्र जमिनीला टेकवलं, हँडब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात, पातं थांबलेलं डोळ्यांनी बघितलं, चाकामागे चिरा लावला. मग हात, तेही कोयतीनं किंवा आकडीनं. यंत्र वर उचललेलं ठेवून त्याखाली वाकायचंच असेल तर खाली लाकडी ठोकळे लावा. हायड्रोलिक कधीही बसू शकतं. चावी खिशात का? कारण गावात ट्रॅक्टर दिसला की सीटवर बसून चावी फिरवून बघणारा कुणीतरी असतोच.

उतरताना क्लच दाबला तरी ट्रॅक्टर पुढे ढकलला गेला. ब्रेक खराब आहे का?

बहुतेक नाही. जुन्या ट्रॅक्टरांत पीटीओ आणि चाकं एकाच क्लचवर चालतात. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण फिरतं स्लॅशर आपल्याच वेगानं शाफ्ट फिरवत राहतं आणि तो जोर उलट गिअरबॉक्समधून चाकांकडे येतो. यंत्र ट्रॅक्टरला ढकलतं. सपाट जमिनीवर दोन-तीन फुटांनी भागतं, उतारावर गडग्यापर्यंत जाऊ शकतं. यावर ओव्हररनिंग क्लच नावाचा छोटा भाग मिळतो, पीटीओच्या दांड्यावर बसतो आणि जोर एकाच दिशेला जाऊ देतो. तो बसवल्याशिवाय जुना ट्रॅक्टर स्लॅशर लावून उतारावर नेऊ नये.

ब्रेकबद्दल बोलायचं तर, डाव्या-उजव्या ब्रेकची पट्टी जोडून ठेवा. शेतात वळायला दोन ब्रेक वेगळे ठेवायची सवय असते. उतारावर घाईत एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर जागच्या जागी गर्रकन फिरतो. उतरायचा लो गिअर माथ्यावर असतानाच टाका. मधे गिअर बदलायचा नाही, न्यूट्रल तर मुळीच नाही. ज्या गिअरमध्ये चढता आलं असतं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा ठोकताळा अजून कामाचा आहे. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर उतरताना तो लावून ठेवा, कारण आपल्या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांना असतात आणि उतारावर वजन पुढे गेलेलं असतं. ब्रेकचा थोडा जोर मग पुढच्या चाकांपर्यंतही पोचतो.

रोप्स म्हणजे काय? ती कमान फांद्यांना अडकते म्हणून काढली तर चालेल?

सीटमागची लोखंडी कमान. ट्रॅक्टर उलटला तरी ड्रायव्हर त्याखाली चेपला जाऊ नये म्हणून असते. स्वीडननं १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली आणि तिथे उलटून होणारे मृत्यू घटत गेले. आपल्याकडे अनेक छोटे ट्रॅक्टर तिच्याशिवायच विकले जातात. मिळत असेल तर कंपनीचीच घ्या. गावच्या वेल्डरनं पाइप वाकवून केलेली कमान उलटल्यावर दुमडते, आणि तिच्या भरवशावर माणूस जास्त धाडस करतो.

कमान आणि सीटचा पट्टा जोडीनं. कमान उभी असेल तर पट्टा लावायचा. कमान नसेल किंवा दुमडलेली असेल तर पट्टा लावायचा नाही, कारण मग तुम्ही ट्रॅक्टरलाच बांधले जाता.

फांद्यांचा प्रश्न खरा आहे. जुन्या कलमांच्या फांद्या खांद्यापर्यंत लोंबतात. दुमडणारी कमान घ्या, गच्च झाडीत, सपाट जागेत तेवढ्यापुरती दुमडा, बाहेर आल्यावर लगेच उभी करा. त्याहून बरं म्हणजे झाडाच्या घेराखाली ट्रॅक्टर न्यायचाच नाही. मधला पट्टा ट्रॅक्टरनं, बुंध्याभोवतीचं खांद्यावरच्या ग्रास कटरनं. मुळांनाही ते बरं, माती दाबली जात नाही.

मडगार्डवर मुलाला बसवलं तर चालतं ना? गावात सगळेच बसवतात.

नाही.

सकाळी लवकर सुरू करावं का? ऊन फार असतं.

दव वाळेपर्यंत थांबा. ऑक्टोबरात साधारण नऊ-साडेनऊ. ओल्या गवतावर टायर घसरतो, आणि कापून पडलेला ओला गवताचा थर तर तेलासारखा असतो, म्हणून कापलेल्या पट्ट्यावरून परत उतरू नका. परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली तरी दोन उन्हाचे दिवस जाऊ द्या. कातळावर शेवाळ असेल तिथे हिरवा रंग जाऊन ते काळं पडेपर्यंत चाक नेऊ नये.

फार उशीरही नको. डिसेंबर उलटला की गवत वाळून कोळ होतं. सायलेन्सरची ठिणगी किंवा पात्यानं दगडावर उडवलेली ठिणगी पुरते. वणवे रोखायला आपण जे गवत कापायला निघालो त्यातूनच वणवा लागलेला मी पाहिला आहे. दसरा ते दिवाळी हा काळ उत्तम. वाळल्यावर काम करावंच लागलं तर पाण्याचे दोन कॅन, ओलं गोणपाट आणि झाडू बरोबर ठेवा, दर तासाला सायलेन्सर आणि रेडिएटरवरचं गवत झाडा, काम संपल्यावर अर्धा तास बागेतच थांबा. जाळरेषेचा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला, तीन-चार मीटरचा पट्टा मात्र आधी कापून, गवत बाजूला ओढून घ्या. कापून तिथेच ठेवलेलं वाळलं गवत म्हणजे जाळरेषा नव्हे.

साप आणि गांधीलमाश्यांचं काय?

सीटवर बसलेल्याला सापाची भीती कमी, उतरल्यावर जास्त. कोकणात फुरशी भरपूर, आणि ती चिऱ्याखाली किंवा पडलेल्या पानांत असतात, पटकन दिसत नाहीत. उतरताना आधी पाहा, गमबूट घाला. दंश झाला तर कापू नका, आवळून बांधू नका, हात-पाय न हलवता दवाखान्यात न्या. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही.

गांधीलमाश्या जास्त त्रासदायक. गवतात किंवा करवंदीत पोळं असलं तर स्लॅशर थेट त्यात जातं आणि उतारावर चालू ट्रॅक्टर टाकून पळायची वेळ येते. म्हणून पायी फिरताना पोळ्यांवरही नजर ठेवा. तरीही उठल्याच तर शक्य असेल तोवर गिअर न सोडता सरळ पुढे निघून जा. पळायचंच झालं तर इंजिन बंद करून.

ट्रॅक्टर कलायला लागला तर काय करायचं?

स्टिअरिंग उताराच्या खालच्या दिशेला वळवा, ॲक्सिलरेटर सोडा, यंत्र खाली टाका. ब्रेक जोरात दाबू नका. वरच्या दिशेला वळवायची ऊर्मी होते, तसं केलं की कलंडणं पक्कं. कमान आणि पट्टा असेल तर स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहा. उडी मारून वाचलेल्यांच्या गोष्टी पारावर ऐकायला मिळतात. ज्यांच्या अंगावर ट्रॅक्टर आला ते सांगायला नसतात.

ट्रॅक्टर खाली घसरत असेल, चाकं लॉक झालेली असतील, तर ब्रेक सोडून चाकांना परत फिरू द्या. फिरतं चाक पकड घेतं.

कुणी खाली अडकलं तर?

आधी इंजिन बंद. चावीनं झालं नाही तर डिझेल बंद करायची दांडी ओढा. मग दोन्ही बाजूंना चिरे आणि ओंडके लावून ट्रॅक्टर आणखी घरंगळणार नाही असं करा. चार जणांनी मिळून उचलायचा प्रयत्न करू नका, अर्धवट उचलून सुटला की दुसऱ्यांदा अंगावर बसतो. रक्त येत असेल तिथे कापडानं घट्ट दाबून धरा. १०८ ला फोन, रुग्णवाहिका कुठपर्यंत येईल ते स्पष्ट सांगा आणि एक माणूस तिथे उभा करा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, मोबाइलला रेंज कुठे मिळते ते काम सुरू करण्यापूर्वी माहीत असावं. एकट्यानं काम करू नये ते याचसाठी. दुसरा माणूस बागेत, पण ९० मीटरच्या बाहेर.

महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर २ लाख रुपये मिळतात, एक हात, एक पाय किंवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा. पोलिसांचा पंचनामा आणि सातबारा लागतो, तेव्हा ट्रॅक्टर हलवण्यापूर्वी नोंद होऊ द्या.

भाड्याचा ट्रॅक्टर बोलावतो. जबाबदारी त्याचीच ना?

त्याला तुमची बाग माहीत नाही. काम सुरू होण्याआधी तुम्ही पुढे चाला, खड्डे दाखवा. भाडं एकरावर ठरवू नका, तासावर ठरवा. एकराच्या हिशोबानं आलेला ड्रायव्हर पळवतो, आणि यात त्याचा दोष नाही. दुपारी जेवणानंतर तासभर झोपू द्या. ‘इथे नको’ असं तो म्हणाला तर ऐका. एका वर्षी मी आग्रह केला होता, ‘अहो, गेल्या वर्षी तर झालं.’ त्यानं नाही म्हटलं आणि निघून गेला. नंतर पायी जाऊन बघितलं तर पावसात गडग्याखालची माती वाहून जाऊन हातभर पोकळी झाली होती, वर गवत जसंच्या तसं.

मग ट्रॅक्टर जात नाही त्या भागाचं काय?

खांद्यावरचं ग्रास कटर, कोयती किंवा गुरं. १५ अंशांवरचा भाग बहुतेक बागांत थोडाच असतो, दहा-बारा गुंठे. तेवढ्याला दोन गडी दोन दिवस. ग्रास कटरलाही चष्मा आणि नडगीला पॅड लागतात. तिथे नायलॉनची दोरी वापरा, दगडाला पातं लागत नाही. अगदी उभ्या कड्याचं गवत मी कापतच नाही, मातीला धरून ठेवायला राहू देतो, फक्त त्याच्या खालच्या आणि वरच्या अंगाला जाळरेषा ओढतो.